उपाशी बाई

कोठीच्या दाराला आतून कडी घालून बाई उभ्याउभ्याच जेवत होत्या, तेवढ्यात दार वाजलं.

त्यांनी घास तोंडातच धरला. डावा हात उजव्या गालावर होता आणि हातात चौपदरी घडी केलेलं सुती फडकं. ते भिजून गेलं होतं. पिठाच्या पिंपावर ठेवलेलं ताट अजून निम्मंही संपलं नव्हतं.

"बाई, साहेब बोलावतायत," बाहेरून वाढपी म्हणाला. "जेवताय का?"

"यादी करतेय," बाई म्हणाल्या. "आलेच म्हणावं."

पावलं लांब गेल्यावर त्यांनी ताट झाकलं, गाल टिपला आणि भिंतीवरच्या टिचभर आरशात पाहिलं. कानापासून जबड्यापर्यंतचा भाग लाल झाला होता आणि तिथं बारीक थेंब पुन्हा धरत होते. शेवटचा घास पोटात गेल्यावरही हे थांबायला दहा मिनिटं लागत. तेवढी दहा मिनिटं साहेबांना थांबावं लागणार होतं, आणि उशिराचं कारण बाईंना जिना चढताचढता शोधावं लागणार होतं. कारणं शोधण्यात त्या आठ वर्षांत तरबेज झाल्या होत्या.

त्या वृद्धनिवासात चौसष्ट माणसं राहत, आणि बाई तिथल्या जेवणघराच्या प्रमुख होत्या. एकोणीस वर्षं. लग्न केलं नव्हतं, तेव्हा राहणंही तिथंच, स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत. खाली पातेली वाजली की वर त्यांना जाग यायची आणि खालचा शेवटचा दिवा विझला की त्यांचा दिवस संपायचा. कुणाला मीठ कमी, कुणाला साखर बंद, कुणाला दात नाहीत, कुणाला आहेत पण ते डबीत असतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. जेवणाच्या वेळी त्या टेबलांमधून फिरत, कुणाचा भात मऊ करून देत, कुणाला अजून थोडं घ्या म्हणून आग्रह करत. पण खुद्द बाईंना जेवताना कुणीही पाहिलं नव्हतं. जेवणाआधी प्रत्येक पदार्थ चाखून सही करायचा नियम होता, तोही त्या वाट्या कोठीत नेऊन, कडी लावून पाळत.

म्हणून रहिवाशांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, उपाशी बाई. कुणी म्हणे, बाई मागच्या मागं स्वतःपुरतं वेगळं चमचमीत करून खातात. कुणी म्हणे, बाईंना म्हाताऱ्या माणसांत बसून खायची किळस येते. हे दुसरं कानावर आलं त्या दिवशी बाईंना घास गेला नाही. पण खुलासा करायचा म्हणजे खरं सांगावं लागलं असतं.

खरं असं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानापुढं चिंचोक्याएवढी गाठ आली, ती वाढत वाढत लिंबाएवढी झाली. लाळेच्या ग्रंथीची गाठ आहे, काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. काढली. तपासणीत वाईट काही निघालं नाही. भावानं फोन करकरून साऱ्या नातेवाइकांना कळवलं. सगळे म्हणाले, सुटलीस बाई.

सात महिन्यांनी त्याच भावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवायला सगळे लांबच्या लांब टेबलाला बसले होते. बाईंनी दोनचार घास घेतले असतील नसतील, तोच उजवा गाल गरम झाला आणि पाण्याची धार हनुवटीवरून नव्या पातळावर पडायला लागली. त्यांनी पुसलं, ते पुन्हा आलं. समोर कुणाची तरी पाच वर्षांची नात बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आजी, त्यांच्या गालातनं तोंडातलं पाणी गळतंय."

टेबलावरचे सगळे हसले. वहिनीनं हसत हसतच आपला रुमाल पुढं केला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, मुलीच्या बोलण्याचं हसू होतं ते. पण ते वाक्य बाईंच्या डोक्यात जाऊन बसलं. गाठ लाळेच्या ग्रंथीची होती, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे टाके घालताना कुठंतरी भोक राहिलं असणार आणि त्यातून लाळ बाहेर येत असणार. हिशेब चोख जुळत होता. जेवलं की येत होतं, आंबट काही दिसलं तरी येत होतं, एरवी टिपूस नाही. आपल्या तोंडावरून आपली थुंकी वाहते, हे कुणाला कसं सांगायचं? एकदा धीर करून त्या इस्पितळात गेल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुसरीकडं गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुणानं व्रण पाहिला, जखम छान भरलीय म्हणाला, थोडंफार असं होतं, काळजी करू नका म्हणाला. "असं" म्हणजे कसं, हे बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. मागं रांग होती आणि तिथं कुणीतरी खोकलं.

त्यानंतर भावाकडं जायचं तर जेवणं उरकल्यावर आणि निघायचं तर चहाच्या आधी. मैत्रिणीबरोबर हॉटेलात जाणं सुटलं, मग मैत्रीणही सुटली. भाऊ आधी रागावला, मग बोलवायचा थांबला. असं करत करत बाईंचं सगळं जग कुंपणाच्या आत आलं आणि त्यातही जेवण्यापुरती खिडकी नसलेली ती कोठी उरली.

निवासाचा कारभार बघणाऱ्या साहेबांचं काम टेलिफोनवाल्या आजींबद्दल होतं.

या आजी दोन महिन्यांपूर्वीच राहायला आल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात लोकांच्या तारा जुळवून दिल्या होत्या. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांच्या तोंडाची डावी बाजू लोंबत होती आणि शब्द जरा जड येत, पण आवाजाचा रुबाब तसाच होता. आल्या दिवशी एकदाच त्या जेवणघरात जेवल्या. घासातला अर्धा भात ओठाच्या कोपऱ्यातून परत ताटात पडला. शेजारच्या एका रहिवाशानं आपलं ताट थोडंसं पलीकडं सरकवलं, बोटभरच. त्या दिवसानंतर आजी खाली उतरल्या नाहीत. खोलीत ताट मागवत आणि त्यातलं बरंचसं परत पाठवत. वजन सहा किलोंनी उतरलं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं की खोलीत ताट फक्त आजाऱ्याला, हा समितीचा नियम आहे. एकीला सूट दिली तर उद्या दहा जणी मागतील आणि जिना चढायला माणसं दोनच आहेत. आजींनी खाली यावं, नाहीतर पुढच्या सोमवारी त्यांना मागच्या इमारतीत हलवावं लागेल. तिथं भरवायला माणूस असतं. "तुमचं ऐकतात सगळे," साहेब म्हणाले. "समजवा त्यांना."

मागची इमारत म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची. खाटांच्या दोन रांगा, भिंतीत उंचावर झरोके. तिथं गेलेलं माणूस पुढच्या बागेत पुन्हा दिसत नसे.

बाई आजींच्या खोलीत गेल्या तेव्हा ताट तसंच होतं. बाईंनी नेहमीच्या गोड आवाजात सुरुवात केली. खाली चार माणसांत बसलं की दोन घास जास्त जातात, कुणी कुणाकडं बघत नाही, जो तो आपल्या ताटात असतो, वगैरे. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेलच्या टोकानं ओठ पुसत म्हणाल्या, "तुम्ही बसा माझ्या शेजारी. येते मी."

बाई म्हणाल्या की त्यांना वाढायचं असतं.

"मग वाढून झाल्यावर बसू. मला घाई नाही."

बाईंनी काहीतरी पुटपुटून ताट उचललं. आजींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला इथं कुणी जेवताना बघितलेलं नाही म्हणे. दोन महिने मी खिडकीत बसून बघतेय. सव्वादोनला तुम्ही त्या कोठीत शिरता आणि तीनला गालावर हात ठेवून बाहेर येता. लपवणारं माणूस मला कळतं, बाई. मीही तेच करतेय."

बाई ताट घेऊन जिना उतरल्या. त्या दिवशी त्यांचं खालचं झाकलेलं ताट तसंच राहिलं.

मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळी त्या पुन्हा वर गेल्या. हातात लिंबाची फोड होती. खोलीचं दार लावलं, आजींच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि फोड चोखायला लागल्या. फडकं आणलं नव्हतं. गाल तापला, लाल झाला, कानाच्या पाळीखाली थेंब जमले आणि एकामागून एक मानेवर उतरायला लागले. बाई भिंतीकडं बघत होत्या.

"भोक राहिलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "ऑपरेशनचं. त्यातनं लाळ येते. आठ वर्षं झाली."

आजींनी चांगला हात पुढं केला. बाई मागं सरकल्या, पण खुर्ची भिंतीला टेकलेलीच होती. आजींनी एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्यावर घासला, उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

"लाळ तार धरते," त्या म्हणाल्या. "चिकट असते. दिवसभर मी माझी पुसते, मला विचार. हा घाम आहे, पोरी. साधा घाम."

बावन्न वर्षांच्या बाईंना पोरी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं बोट गालावर फिरवलं आणि चोळून पाहिलं. तार धरत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी ते फक्त पुसलं होतं, एकदाही बोटावर घेऊन पाहिलं नव्हतं.

दर गुरुवारी निवासात डॉक्टरीणबाई येत. आजींनी बाईंना त्यांच्यापुढं जवळजवळ ढकललं. डॉक्टरीणबाईंनी आधी भराभर प्रश्न विचारले. तिखट खाल्ल्यावर घाम फुटतो, तसा दोन्हीकडं येतो का? मधुमेह आहे का, थायरॉइडचा त्रास, काही गोळ्या चालू? पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफा? घाम चेहऱ्यावर येण्याची कारणं पुष्कळ असतात, त्या म्हणाल्या. पण एकाच गालावर, फक्त खाताना आणि तोही कानापुढच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे कारण बहुतेक एकच. त्यांनी चिठ्ठी दिली आणि शुक्रवारी बाई शहरातल्या मोठ्या इस्पितळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर बसल्या.

या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या गालावर आयोडीन फासलं, वाळू दिलं, वरून स्टार्चची पांढरी भुकटी भुरभुरवली आणि खायला लिंबूच दिलं. दोन मिनिटांत पांढऱ्या गालावर काळेनिळे ठिपके उमटले, ते एकमेकांत मिसळले आणि कानापासून जबड्यापर्यंत एक डाग पसरला. डॉक्टरांनी आरसा पुढं धरला. जिथं घाम येतो तिथंच काळं होतं, ते म्हणाले. गाठ काढताना लाळेच्या ग्रंथीकडं जाणाऱ्या बारीक नसा तुटतात. त्या पुन्हा वाढतात, पण काही वाट चुकतात आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. मग जेवताना मेंदू लाळ सोड म्हणून निरोप धाडतो आणि तो भलत्याच घरी पोचतो. भोक वगैरे काही नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना होतं, कुणाला कळतही नाही इतकं थोडं, कुणाला तुमच्याइतकं.

"राँग नंबर," बाई म्हणाल्या. आजींशी दोन दिवस बोलण्याचा तो परिणाम होता.

डॉक्टर हसले. इलाज होता. घाम रोखणारं औषध रात्री कोरड्या गालावर लावायचं, डोळ्यापासून लांब, आणि सकाळी धुऊन टाकायचं. त्यानं भागलं नाही तर त्या काळ्या डागाच्या जागी बारीक सुयांनी इंजेक्शनं द्यायची, म्हणजे काही महिने गाल कोरडा राहतो. परिणाम ओसरला की पुन्हा घ्यायची. बाईंना घाम इतका येत होता की इंजेक्शनच बरं, असं ठरलं. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

बाहेर पायरीवर बाई बराच वेळ बसून राहिल्या. आठ वर्षं. गालात भोक नव्हतं, थुंकी नव्हती. त्या दिवशी रांगेतला माणूस मागं खोकला नसता आणि त्यांनी एक प्रश्न विचारला असता, तर वहिनीच्या हातचं किती वेळा खाऊन झालं असतं. राग कुणावर काढावा कळेना. आणि आता सुटका तीन आठवड्यांवर आली होती, पण सोमवार तीन दिवसांवर होता. साहेबांकडं त्यांनी मुदत मागून पाहिली. साहेब म्हणाले, समितीला कळवून झालंय.

सोमवारी दुपारची घंटा बाईंनी वाजवली. सगळे बसले. मग जिना उतरून काठी टेकत आजी दारात आल्या. त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि गळ्यात टॉवेल बांधला होता. बाईंनी त्यांना मधल्या टेबलाशी नेलं. वाढप्याला म्हणाल्या, आज तू वाढ. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि स्वतःच्या ताटात भात घेतला.

एका टेबलावरचं बोलणं थांबलं, मग दुसऱ्या. पहिला घास आजींनी घेतला. भाताची शितं ओठाच्या कोपऱ्यातून टॉवेलवर पडली. बाईंनी घास घेतला. गाल तापला. भरल्या जेवणघरासमोर थेंब धरला, घरंगळला, हनुवटीला लोंबला आणि रश्श्यात पडला. बाईंचा डावा हात आपसूक वर गेला. त्यांनी तो खाली आणून मांडीवर दाबून धरला. उठून पळावं, कोठीची कडी लावावी, असं इतकं वाटलं की पायाचे अंगठे चपलेत वळले. पण शेजारी आजी बसल्या होत्या. त्या जेवत राहिल्या.

"बाई, घाम फुटलाय तुम्हाला," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"जेवताना येतो मला," बाई म्हणाल्या. "नस चुकीची जुळलीय."

समोर निवृत्त मास्तर बसत. ते बाईंकडं, मग आजींकडं, मग पुन्हा बाईंकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून डबी काढली, तोंडातली कवळी सोडवली आणि डबीत ठेवून झाकण लावलं. "चार वर्षं टोचतेय," ते बोळक्या तोंडानं म्हणाले आणि भात कुस्करायला लागले.

आजींना मागं हलवलं नाही. तीन आठवड्यांनी बाईंनी इंजेक्शनं घेतली आणि गाल कोरडा झाला. त्या महिन्यात त्या भावाकडं जाऊन सगळ्यांबरोबर जेवल्या. त्यांनी सारं सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "एवढंच होतं? आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचं घर नको झालंय." भाऊ मधेच उठून बाहेर गेला. तुटलेलं थोडं जुळलं, सगळं नाही. आठ वर्षांत भाचीला दोन मुलं झाली होती आणि ती मुलं बाईंना ओळखत नव्हती.

जेवणघरात मात्र मधल्या टेबलाशी दोघी रोज शेजारी बसत. आजी भाजीची चव एखाद्या परीक्षकासारखी सांगत आणि स्वयंपाक्याला नापास करत. वजन चार किलोंनी वाढलं.

त्यानंतर दहाव्या महिन्यात आजींना दुसरा झटका आला. या वेळी बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून नळी घातली आणि त्यांना मागच्या इमारतीत हलवलं. या वेळी समितीचं काहीच चुकत नव्हतं. साहेबांनी स्वतः चाकांची खुर्ची ढकलली.

पहिले चार दिवस बाई नुसत्या भेटून आल्या. पाचव्या दिवशी सव्वादोनला त्या स्वतःचं ताट वाढून घेऊन गेल्या. वाटेत दोनदा थांबल्या. जिच्या तोंडात घास जाऊ शकत नाही तिच्यासमोर जेवायचं, हे बरं की क्रूर, ते त्यांना कळत नव्हतं. खाटेशी स्टूल ओढून त्यांनी सरळ विचारलं, "आजी, इथं जेवू का?"

हो असेल तर आजी डोळे एकदा मिटत. त्यांनी ते मिटले, आणि पुन्हा उघडून ताटाकडं पाहिलं.

इंजेक्शनचा परिणाम ओसरला होता आणि पुढची तारीख महिन्यानंतरची होती. पहिल्या घासालाच गाल भिजला. बाई हळूहळू जेवत राहिल्या. भात आज फडफडीत झालाय, म्हणाल्या. रश्श्यात मीठ थोडं पुढं गेलंय, तुम्ही असता तर त्याला चांगलंच सुनावलं असतं. मास्तर विचारत होते तुम्हाला. आजींची नजर त्यांच्या हातावर होती, ताटातून तोंडाकडं आणि तोंडातून ताटाकडं. झरोक्यातून येणारा उजेडाचा चौकोन चादरीवर पडला होता.

औषधांची ढकलगाडी घेऊन नवी परिचारिका रांगेतून आली. बाईंच्या हनुवटीवरून थेंब ओघळताना बघून ती थबकली.

"बाई, रडताय का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "जेवतेय."

आणि त्यांनी पुढचा घास घेतला.